स्क्रोल केल्यावर यादीतील रंग भलत्याच ओळीवर का जातात? डब्ल्यूपीएफ लिस्टबॉक्समधील नेहमीच्या अडचणींचे निवारण

सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत दुकानांसाठी केलेल्या डेस्कटॉप प्रणालीबाबत एक तक्रार दर हंगामात, नवी हळद येऊ लागली की, परत येते. आवक यादीतील प्रत्येक लॉटची ओळ सजवलेली असते: वरती ठळक अक्षरांत शेतकऱ्याचे नाव, खाली बारीक अक्षरांत गाव, वाण आणि पोत्यांची संख्या, उजव्या कडेला क्विंटलचा दर. सौदा निघालेला लॉट हिरवा, सौदा बाकी असलेला पांढरा, आणि ज्या शेतकऱ्याची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम, फिटलेली नाही त्याची ओळ लालसर. ओळी पडद्यावर मावतील इतक्याच असेपर्यंत सगळे सुरळीत दिसते. आवक वाढली, दिवाणजींनी माऊसचे चाक फिरवून यादी खाली नेली आणि परत वर आणली, की लाल रंग भलत्याच शेतकऱ्याच्या नावावर बसलेला असतो, किंवा पार नाहीसा झालेला असतो. हा केवळ दिसण्यातला दोष मानून चालणार नाही, कारण पट्टी (शेतकऱ्याच्या विक्रीचा हिशेब) करताना उचल वळती करायची की नाही हे दिवाणजी त्या रंगावरूनच पाहतात.

पुढील विवेचन डब्ल्यूपीएफ, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमधील विंडोज प्रणालींचे पडदे रचण्याचे तंत्र, यातील लिस्टबॉक्सला, अर्थात यादी दाखवणाऱ्या घटकाला, धरून आहे. हे तंत्र डॉटनेट ३.० बरोबर २००६ मध्ये आले आणि जिल्ह्यातील लहान व्यापारी प्रणालींमध्ये आजही सर्रास वापरात आहे. लिस्टव्ह्यूलाही यातील बहुतेक गोष्टी लागू पडतात.

दोष कोणत्या थरात आहे हे आधी ठरवावे

लिस्टबॉक्समधील एका ओळीचे दिसणे तीन ठिकाणी ठरते, आणि या तिघांची सरमिसळ होणे हेच बहुतेक तक्रारींचे मूळ असते. पहिला थर म्हणजे लिस्टबॉक्सआयटम, अर्थात ओळीचा डबा. त्याला आपण आयटमकंटेनरस्टाईलमधून सजवतो, आणि निवडलेली ओळ, माऊसखालची ओळ, एकाआड एक रंगाच्या ओळी या गोष्टी त्याच्या अखत्यारीत येतात. दुसरा थर म्हणजे डब्याच्या आतील डेटाटेम्प्लेट, जो आयटमटेम्प्लेटमधून दिला जातो आणि नाव, गाव, दर यांची मांडणी ठरवतो. तिसरा थर म्हणजे या डब्यांना एकाखाली एक लावणारे पॅनेल. ते प्रत्येक ओळीसाठी डबा तयार करीत नाही, तर पडद्यावर दिसणाऱ्या आणि फार तर आसपासच्या ओळींपुरतेच डबे तयार करते. यालाच व्हर्च्युअलायझेशन म्हणतात आणि लिस्टबॉक्समध्ये ते मुळातच चालू असते.

व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून उपलब्ध असलेल्या लाइव्ह व्हिज्युअल ट्री या खिडकीत प्रणाली चालू असतानाच ओळ उघडून पाहता येते. चुकीचा रंग लिस्टबॉक्सआयटमवर आहे की आतील बॉर्डरवर, आणि तो तेथे स्टाईलमधून आला की थेट दिला गेला, हे तेथे स्पष्ट दिसते. ही तपासणी करण्यापूर्वी कोडला हात लावू नये.

रंगाचे स्थलांतर

या तक्रारीत जवळजवळ नेहमी एकाच पद्धतीचा कोड सापडतो. यादी भरून झाल्यावर एक लूप फिरवलेला असतो. त्यात प्रत्येक लॉटसाठी आयटमकंटेनरजनरेटरकडून कंटेनरफ्रॉमआयटम या मेथडने डबा मागवलेला असतो, आणि उचल बाकी असेल तर त्या डब्याच्या बॅकग्राउंडला लाल रंग दिलेला असतो. विंडोज फॉर्म्स या जुन्या तंत्राची सवय असलेल्या हातांना हे स्वाभाविक वाटते. मात्र ज्या ओळी त्या क्षणी पडद्यावर नाहीत त्यांचे डबे अस्तित्वातच नसतात, म्हणून ही मेथड त्यांच्यासाठी नल, म्हणजे ‘काहीच नाही’, परत करते. काही जण तेथे नलची तपासणी घालून पुढे जातात, त्यामुळे त्रुटीचा संदेशही येत नाही आणि खालच्या ओळी गुपचूप बिनरंगाच्या राहतात.

पुढचा प्रकार व्हर्च्युअलायझेशन मोडवर अवलंबून असतो. लिस्टबॉक्सचा मूळ मोड स्टँडर्ड आहे. त्यात ओळ पडद्याबाहेर गेली की तिचा डबा टाकून दिला जातो आणि ओळ परत आली की नवा तयार होतो, म्हणून कोडने दिलेला रंग पुसला जातो. वेग वाढावा यासाठी कोणी रिसायकलिंग मोड चालू केला, की तोच डबा पुढच्या ओळीला दिला जातो. यार्डात बारदान पुन्हा वापरताना आधीच्या व्यापाऱ्याचा मार्का पुसला नाही तर नव्या मालाची जी गत होते, तीच येथे होते: डब्यातील माहिती बदलते, पण त्याच्यावर थेट लावलेला रंग तसाच राहतो. रंग नाहीसा होतो की दुसरीकडे जातो, एवढे विचारले तरी त्या दुकानात कोणता मोड चालू आहे याचा अंदाज फोनवरच बांधता येतो.

उपाय एकच आहे, आणि तो अर्धवट करून भागत नाही. ओळीची जी काही अवस्था आहे ती लॉटच्या वस्तूतच ठेवावी आणि रंगाने ती बाइंडिंगमधून, म्हणजे माहिती आणि पडदा यांना जोडणाऱ्या दुव्यातून, वाचावी. लॉटच्या वर्गात उचल बाकी आहे की नाही हे सांगणारी प्रॉपर्टी द्यावी, किंमत बदलल्याचे पडद्याला कळवणारे आयनोटिफायप्रॉपर्टीचेंज्ड तिला जोडावे आणि रंग डेटाट्रिगरने, म्हणजे माहितीवरची अट पूर्ण होताच लागू होणाऱ्या नियमाने, लावावा. डबा नवा असो वा जुना, नवी माहिती हाती पडताच ट्रिगर पुन्हा तपासला जातो आणि जुना रंग मागे उरत नाही. कोडमधील रंगाची लूप पूर्णपणे काढून टाकावी. ती राहू दिली तर थेट दिलेली किंमत ट्रिगरपेक्षा वरचढ ठरते आणि उपाय करूनही तक्रार तशीच राहते.

रंगासाठी केलेली ही दुरुस्ती अनेकदा इतर गोष्टींना करायची राहून जाते. ओळीत तपशील उघडण्यासाठी एक्स्पांडर ठेवला असेल आणि त्याची इजएक्स्पांडेड ही प्रॉपर्टी लॉटला बांधलेली नसेल, तर रिसायकलिंग मोडमध्ये एका शेतकऱ्याचा तपशील उघडल्यावर खाली दुसऱ्याच कोणाचा तपशील उघडलेला दिसतो. चेकबॉक्सचेही तेच.

निवडीच्या बाबतीत याचा एक फसवा भाऊबंद आहे. इजसिलेक्टेड ही प्रॉपर्टी आयटमकंटेनरस्टाईलमधून लॉटला दुहेरी बांधली, तर व्यवहार दिसायला व्यवस्थित चालतो. पण कंट्रोल आणि ए दाबून सर्व ओळी निवडल्या आणि लॉटमधील ती प्रॉपर्टी वाचून एकूण पोती मोजली, तर बेरीज कमी भरते. ज्या ओळींचे डबे तयारच झाले नाहीत त्यांच्याकडून लॉटला निरोप जात नाही. निवडलेल्या लॉटची बेरीज करायची असेल तर ती सिलेक्टेडआयटम्स या संग्रहावरून करावी. तो लिस्टबॉक्स स्वतः सांभाळतो आणि डब्यांवर अवलंबून नसतो.

ट्रिगर लिहिला, तरी रंग बदलत नाही

येथे चार कारणे वारंवार आढळतात. पहिले किंमतींच्या अग्रक्रमाचे आहे. डेटाटेम्प्लेटमधील टेक्स्टब्लॉकवर फोरग्राउंड काळा असे थेट लिहिलेले असते, आणि त्याच टेक्स्टब्लॉकच्या स्टाईलमध्ये उचल बाकी असल्यास लाल करणारा ट्रिगर असतो. अक्षरे काळीच राहतात, कारण घटकावर थेट लिहिलेली किंमत स्टाईलमधील ट्रिगरला जुमानत नाही. काळा रंग त्या ओळीतून काढून स्टाईलच्या सेटरमध्ये न्यावा, म्हणजे ट्रिगर त्याच्यावर मात करू शकतो. किंवा ट्रिगर डेटाटेम्प्लेटच्या स्वतःच्या ट्रिगर संग्रहात लिहून टार्गेटनेमने त्या टेक्स्टब्लॉककडे रोखावा. एकाच प्रॉपर्टीवर दोन ट्रिगर लागू होत असतील तर नंतर लिहिलेला जिंकतो. त्यामुळे एकाआड एक रंगाच्या ओळींचा ट्रिगर वर आणि उचलीचा खाली, हा क्रम पाळावा लागतो.

दुसरे कारण डेटाटेम्प्लेटसिलेक्टरचे आहे. सौदा बाकी असलेल्या आणि निघालेल्या लॉटसाठी दोन वेगळी टेम्प्लेटे करून सिलेक्टरने निवड करणे दिसायला नेटके असते, परंतु सिलेक्टर ओळ डब्यात भरतानाच विचारला जातो. दुपारी सौदा निघाला आणि लॉटची स्थिती बदलली, तरी त्या ओळीसाठी तो पुन्हा विचारला जात नाही. ओळीचा प्रकारच वेगळा असेल, जसे लॉटची ओळ आणि दिवसाच्या बेरजेची ओळ, तेथे सिलेक्टर योग्य आहे. जी गोष्ट दिवसभरात बदलणार आहे तिच्यासाठी ट्रिगरच वापरावा.

तिसऱ्या कारणाचा उल्लेख पुरेसा आहे: लिस्टबॉक्समध्ये लॉटऐवजी लिस्टबॉक्सआयटमच तयार करून भरले असतील, तर आयटमटेम्प्लेट दुर्लक्षिले जाते आणि आउटपुट खिडकीत तसा संदेशही उमटतो. आणि डिस्प्लेमेंबरपाथ व आयटमटेम्प्लेट दोन्ही दिले असतील तर प्रणाली अपवाद फेकते. तेथे निदान शोधाशोध करावी लागत नाही.

चौथे कारण मात्र मराठीत काम करणाऱ्यांच्याच वाट्याला येते आणि इंग्रजी पुस्तकांत ते सापडणार नाही. लॉटची स्थिती डेटाबेसमध्ये मराठी शब्दांतच साठवलेली असते आणि ट्रिगर त्या शब्दाशी तुलना करतो. ‘व्यापाऱ्याकडे’ ही स्थिती घ्यावी. त्यातील ‘ऱ्या’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा स्वतंत्र ‘ऱ’ या अक्षराला हलन्त लावून, आणि एकदा साध्या ‘र’ला हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. दुकानातील संगणकावर एका कीबोर्डने टंकलेला शब्द आणि पडद्याची रचना जिच्यात लिहितात त्या आपल्या झॅमल फाइलमध्ये दुसऱ्या कीबोर्डने लिहिलेला शब्द यांतील कोड वेगळे पडले, की ट्रिगर कधीच लागू होत नाही, आणि कितीही वेळ डोळे लावून बसले तरी फरक दिसत नाही. यातच डेटाबेसमधील स्तंभ एनचार या ठरावीक लांबीच्या प्रकारचा असेल तर शब्दाच्या शेवटी रिकाम्या जागा भरलेल्या असतात आणि त्याही तुलनेत मोजल्या जातात. म्हणून स्थिती ही मराठी मजकूर म्हणून न ठेवता एनम, म्हणजे ठरावीक पर्यायांची यादी, म्हणून ठेवावी, ट्रिगरने तिच्याशी तुलना करावी आणि मराठी शब्द केवळ दाखवण्याच्या वेळी कन्व्हर्टरमधून द्यावा. जुना डेटा बदलता येत नसेल, तर तो वाचतानाच एकदा एनममध्ये रूपांतरित करून घ्यावा.

निवडलेल्या ओळीचा रंग

‘जुन्या संगणकावर निवडलेली ओळ पिवळी दिसायची, नव्यावर फिकट निळी दिसते’ ही तक्रार संगणक बदलला की हमखास येते. विंडोज ७ च्या काळात निवडीचा रंग बदलण्याची एक सोपी युक्ती रूढ होती: लिस्टबॉक्सच्या रिसोर्सेसमध्ये सिस्टमकलर्समधील हायलाइटब्रशकी याच नावाने आपला ब्रश ठेवायचा. तेव्हाचे मूळ टेम्प्लेट रंग त्या नावाने शोधत असे. विंडोज ८ पासून आलेल्या थीममध्ये लिस्टबॉक्सआयटमच्या टेम्प्लेटात निवडीचे रंग थेट लिहिलेले आहेत, त्यामुळे ती युक्ती तेथे निष्फळ ठरते. विंडोज ७ चा विस्तारित आधार जानेवारी २०२० मध्ये संपला. त्यानंतर दुकानांनी संगणक बदलले आणि न बदललेल्या कोडचे रंग बदलले.

आयटमकंटेनरस्टाईलमध्ये इजसिलेक्टेडचा ट्रिगर लिहून बॅकग्राउंड बदलला तरी उपयोग होत नाही. मूळ टेम्प्लेटातील ट्रिगर आतील बॉर्डरलाच रंग देतो आणि आपण डब्याला दिलेला रंग तेथपर्यंत पोहोचतच नाही. येथे लिस्टबॉक्सआयटमचे कंट्रोलटेम्प्लेट स्वतः लिहिण्याला पर्याय नाही. ते लिहिताना तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे. आत कंटेंटप्रेझेंटर नसेल तर ओळी रिकाम्या दिसतात. बॉर्डरचा बॅकग्राउंड न देता सोडला तर नाव आणि दर यांच्या मधल्या मोकळ्या जागेवर क्लिक केल्यास ओळ निवडली जात नाही. तेथे ट्रान्स्परंट लिहिले की क्लिक लागते. आणि लिस्टबॉक्सवरचा फोकस गेल्यानंतरचा रंगही ठरवावा लागतो. दिवाणजींनी लॉट निवडला आणि वजन लिहायला चौकटीत कर्सर नेला, की मूळ टेम्प्लेटात ती ओळ करडी पडते आणि निवड सुटली असे समजून ते पुन्हा यादीवर क्लिक करतात. अशा प्रणालीत दोन्ही अवस्थांना एकच रंग ठेवलेला बरा.

याच्या उलट प्रकार म्हणजे ओळ निवडली जाते, पण दिसत नाही. डेटाटेम्प्लेटमधील बॉर्डरला स्वतःचा भरीव पांढरा रंग दिलेला असतो आणि तो डब्याचा रंग झाकून टाकतो. निवडलेल्या ओळीभोवती फक्त एक बारीक निळी किनार उरते. यावरून माझे स्पष्ट मत असे झाले आहे की पार्श्वभूमी ही केवळ निवडीसाठी राखावी आणि लॉटची स्थिती ओळीच्या डाव्या कडेला, टेम्प्लेटच्या आत, अरुंद पट्ट्याने दाखवावी. संपूर्ण ओळ लाल करण्याची मागणी दुकानदारांकडून येते हे खरे आहे, पण ती ओळ निवडताच लाल रंग निवडीच्या रंगाखाली जातो, आणि पट्टी करताना तर तीच ओळ निवडलेली असते. ज्या क्षणी उचल दिसायला हवी नेमक्या त्याच क्षणी ती दिसत नाही. पट्टा असला तर दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी राहतात.

रुंदी, उंची आणि वेळ

दर उजव्या कडेला न जाता नावाला चिकटून येत असेल, तर लिस्टबॉक्सच्या होरिझॉन्टलकंटेंटअलाइनमेंटला स्ट्रेच द्यावे. मूळ किंमत डावीकडची आहे. लांब मजकूर दुसऱ्या ओळीवर न वळता आडवा सरकपट्टा आणत असेल, तर स्क्रोलव्ह्यूअरचा आडवा सरकपट्टा डिसेबल्ड करावा, कारण तो चालू असताना मजकुराला अमर्याद रुंदी मिळते आणि वळण्याचे कारणच उरत नाही.

उंचीचा प्रश्न देवनागरीत अधिक जाचक होतो. इंग्रजी नमुन्यावरून घेतलेल्या टेम्प्लेटात ओळीची उंची आकड्याने बांधलेली असते. त्यात रोमन अक्षरे मावतात, पण ‘कवठेमहांकाळ’मधील मात्रा व अनुस्वार वरून छाटले जातात आणि ‘पलूस’चा ऊकार खालून कापला जातो, म्हणजे गावाचे नाव वाचताच येत नाही. सेगो यूआय या फाँटमध्ये देवनागरी नसल्यामुळे तेथे पर्यायी फाँट येतो, आणि तो सगळीकडे एकच असेल असे गृहीत धरता येत नाही. म्हणून फाँट आपणच नेमून द्यावा. विंडोज ८ पासून निर्मला यूआय मुळातच असतो, तर मंगल हा विंडोज १० मध्ये पूरक फाँटांच्या ऐच्छिक संचात गेला आहे. उंची बांधण्याऐवजी मिनहाइट (किमान उंची) द्यावी आणि वरखाली थोडे पॅडिंग सोडावे. ओळींची उंची कमीजास्त झाल्यामुळे स्क्रोल करताना धक्के बसत असतील, तर डॉटनेट ४.५ पासून स्क्रोलयुनिट पिक्सेल ठेवता येते. त्यासाठी कॅनकंटेंटस्क्रोल बंद करू नये, कारण ते बंद करताच व्हर्च्युअलायझेशनही बंद पडते.

यादी उघडायलाच वेळ लागत असेल, तर प्रथम लिस्टबॉक्स कशाच्या आत ठेवला आहे ते पाहावे. स्टॅकपॅनेल, बाहेरून घातलेला आणखी एक स्क्रोलव्ह्यूअर, किंवा ग्रिडमधील ऑटो उंचीची ओळ, यांपैकी काहीही असले तरी लिस्टबॉक्सला अमर्याद उंची मिळते आणि हंगामातील सर्व लॉटचे डबे एकदम तयार होतात. ग्रिडच्या त्या ओळीला तारांकित, म्हणजे उरलेली जागा घेणारी, उंची दिली की बहुधा तेवढ्यावर काम भागते. गावानुसार गट पाडले असतील तर इजव्हर्च्युअलायझिंगव्हेनग्रुपिंग हेही चालू करावे लागते. ही सोयदेखील ४.५ पासूनचीच आहे. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. व्हर्च्युअलायझेशन अशा अपघाताने बंद असलेल्या यादीत सगळे डबे कायम राहतात, म्हणून कोडने लावलेले रंग हलत नाहीत आणि प्रणाली संथ असली तरी बिनचूक भासते. कोणी वेग सुधारण्यासाठी बाहेरचा स्टॅकपॅनेल काढला, की दुसऱ्याच दिवशी रंगांची तक्रार येते. त्यामुळे आधी रंगांची बांधणी दुरुस्त करावी, वेगाला हात नंतर लावावा.

दुरुस्ती झाल्यावर चाचणी घेताना दहावीस नमुना ओळींवर समाधान मानू नये. मागील हंगामाच्या डेटाची प्रत घेऊन यादी तळापर्यंत नेऊन परत वर आणावी, दरानुसार क्रम बदलावा, एका गावाची गाळणी लावून काढावी, पडद्याबाहेर असलेल्या एका लॉटची उचल दुसऱ्या खिडकीतून फेडून त्या ओळीपर्यंत स्क्रोल करून पाहावे, आणि हे सर्व व्हर्च्युअलायझेशन मोड स्टँडर्ड असताना एकदा व रिसायकलिंग असताना एकदा करावे. दोन्ही मोडमध्ये तीच ओळ त्याच रंगाची दिसली, तर दुकानातील प्रत बदलण्यास हरकत नाही.